पहिली आले, पण मैत्रीण परीक्षेलाच नव्हती

प्रश्न : आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातून मी यंदा बी.एस्सी. उत्तीर्ण झाले आणि आमच्या ३८ जणांच्या वर्गात पहिली आले. गावच्या चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला आहे, बाबांनी घरोघरी पेढे वाटले आहेत आणि १५ ऑगस्टला महाविद्यालयात गुणगौरव सोहळा आहे. त्यात मला एका देणगीदारांच्या नावाचे पदक आणि रोख बक्षीस मिळणार असून मनोगतही व्यक्त करायचे आहे.

मला यातील कशाचाच आनंद होत नाही. पहिल्या चारही सत्रांत माझी मैत्रीण पहिली होती आणि मी दुसरी. पाचव्या सत्राच्या हिवाळी परीक्षेआधी तिच्या आईचे दुखणे निघाले, कापसाच्या वेचणीला मजूर मिळेनात, म्हणून ती जवळजवळ महिनाभर वावरात होती. त्यात तिचा भौतिक रसायनशास्त्राचा पेपर राहिला. एप्रिलमध्ये तिचे लग्न झाले आणि सहाव्या सत्राच्या परीक्षेला ती बसलीच नाही. आता ती वर्धा जिल्ह्यात सासरी असते. लग्नानंतर आमचे बोलणे झालेले नाही. खरी पहिली तीच आहे आणि मी तिच्या जागेवर उभी आहे, असे सारखे वाटते. सोहळ्यात हे सर्वांसमोर सांगून पदक परत करावे का? एम.एस्सी.चा प्रवेशही घेऊ नये, असे मनात येते.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. नोव्हेंबरात तिने माझी भौतिक रसायनशास्त्राची वही मागितली होती. ती मी आठ दिवसांनी दिली.

– एक विद्यार्थिनी

उत्तर :

प्रिय मुली,

पदक परत करू नकोस आणि एम.एस्सी.चा प्रवेशही सोडू नकोस. सोहळ्यात मैत्रिणीची हकीकत सांगण्याचा विचार मात्र मनातून काढून टाक. याची कारणे जरा विस्ताराने लिहिते, कारण या तिन्ही गोष्टी तू एकाच अपराधी भावनेच्या भरात ठरवायला निघाली आहेस आणि प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी फारच थोडा संबंध आहे.

आधी क्रमांकाविषयी. मी ३१ वर्षे ग्रामीण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि निकालाच्या दिवशी सूचनाफलकासमोर उभ्या असलेल्या मुलामुलींचे चेहरे त्या प्रत्येक वर्षी पाहिले. गुण आणि क्रमांक या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो, पण तशा त्या नाहीत. सहा सत्रांत तू जे पेपर लिहिलेस, जी प्रात्यक्षिके केलीस, त्यांचे गुण तुझ्या उत्तरपत्रिकांतून आणि तुझ्या हातांतून आले आहेत. तुझी मैत्रीण परीक्षेला बसली असती तरी त्यातला एक गुण कमी झाला नसता, आणि ती बसली नाही म्हणून एकही वाढलेला नाही. क्रमांक मात्र त्या वर्षी त्या वर्गात कोण कोण होते, कोण आजारी पडले, कोणाचे लग्न ठरले, अशा कितीतरी गोष्टींवर ठरतो. म्हणून क्रमांकाबद्दल तुला जी अस्वस्थता वाटते ती खोटी नाही. ती असती तर कदाचित तीच पहिली आली असती. ‘कदाचित’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण सहाव्या सत्राचे पेपर तिने लिहिलेले नाहीत आणि न लिहिलेल्या पेपरांचे गुण तुलाही सांगता येणार नाहीत.

‘रँग्लर’, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा, हे बिरूद महाराष्ट्रात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे घरोघर पोचले. कोकणातील मुर्डी गावचा हा विद्यार्थी १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिला आला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या वर्षीचा पहिला क्रमांक दोघांना विभागून मिळाला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुढे १९०९ नंतर केंब्रिजने त्या परीक्षेचा अनुक्रमवार निकाल जाहीर करणेच बंद केले. वर्ग राहिले, अनुक्रम गेला. आपल्या राज्य मंडळानेही दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या केव्हाच थांबवल्या आहेत. क्रमांकाचे जेथे सर्वाधिक कौतुक होते, तेथेही त्याचा भरवसा किती धरावा हा प्रश्न जाणत्या माणसांना पडलेलाच होता, एवढे तुझ्या लक्षात यावे म्हणून हे लिहिले. तुझ्या पहिल्या क्रमांकाचा अर्थ असा की, ज्या वर्गाने सहावे सत्र पूर्ण केले त्या वर्गात तुझे गुण सर्वांत अधिक आहेत. तो अर्थ खरा आहे, आणि तेवढ्याचा स्वीकार करण्यात कोणतीही लबाडी नाही.

पदक परत केल्याने काय होईल, याचाही विचार कर. ते तिला मिळणार नाही. अशी पारितोषिके बहुतेक ठिकाणी सर्व सत्रे एकाच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यासाठी असतात; तू नाकारलेस तर ते तुझ्या खालच्या क्रमांकाला जाईल किंवा निधीत पडून राहील. तिच्या हाती काहीच येणार नाही. तुझ्या बाबांच्या हातून मात्र त्यांचा एक दिवस जाईल. चार एकर कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला पोरीच्या नावाचा पुकारा होऊन टाळ्या ऐकायला मिळतात, असे दिवस आयुष्यात किती येतात ते तू जाणतेस.

आता त्या वहीविषयी, जी तू पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर दोन ओळींत लिहिली आहेस. माझ्या मते तुझे सगळे पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिले गेले आहे. पदक परत करणे, प्रवेश सोडणे, सर्वांसमोर कबुली देणे या मोठ्या मोठ्या गोष्टी तू त्या आठ दिवसांची भरपाई म्हणून मनात आणत आहेस. तेव्हा त्या आठ दिवसांकडे नीट पाहू या. परीक्षा तोंडावर होती, तुलाही तोच पेपर द्यायचा होता आणि वही एकच होती. तालुक्याच्या गावाला जाऊन झेरॉक्स काढायची म्हटले तर अख्खा दिवस मोडतो. हे सगळे खरे आहे. परंतु वही देताना, “पहिल्या चारही सत्रांत ही माझ्या पुढे होती,” हा विचार तुझ्या मनात क्षणभर तरी आला असेल, आणि तो आला म्हणूनच ते आठ दिवस तुला आजवर आठवतात. आला असेल तर ती चूक आहे. ती लहान आहे, त्या चुकीमुळे पेपर राहिला असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण महिनाभर वेचणी करून रात्री ओंडक्यासारखी पडणारी मुलगी वही आठ दिवस आधी मिळाली असती तरी कितपत वाचू शकली असती हे सांगणे कठीण आहे. तरी ती चूक आहे, आणि मी तिला ‘काही नाही गं’ म्हणून उडवून लावणार नाही, कारण तूही तसे करू शकलेली नाहीस.

अशा चुकीची कबुली जिच्याबाबत चूक झाली तिच्यापाशीच द्यायची असते. प्राचार्य, देणगीदार, पालक आणि दोनशे विद्यार्थी यांच्यासमोर ती दिलीस, तर सगळे तुझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक करतील, टाळ्याही वाजवतील. म्हणजे त्या चुकीतूनही तुलाच मान मिळेल आणि तिला काय मिळेल, हे पाहायला ती तेथे नसेल.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. १९७९ साली मी स्वतः पदवीच्या वर्गात पहिली आले होते. सत्काराच्या दिवशी माझे मन असेच भरून आले होते आणि मी भाषणात माझ्या एका मैत्रिणीविषयी बोलले. तिची आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, ती स्वतः सुटीत जाते, घरी कंदील एकच असल्याने धाकटे भाऊ झोपल्यावर तिला अभ्यासाला बसावे लागते, असे मी सगळे सांगितले. मला वाटत होते, मी तिचा गौरव करते आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. माझे बोलणे चालू असताना तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, हे मी मंचावरून पाहिले, आणि तरीही बोलत राहिले. त्यानंतर ती माझ्या घरी कधी आली नाही. बारा वर्षांनी एका एसटी स्थानकावर आमची गाठ पडली. तिने माझ्या मुलाच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली, घरच्यांची विचारपूस केली आणि जाताना म्हणाली, “तू बोललीस ते खरंच होतं बाई, पण मले इचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं.” तिची गाडी लागली आणि ती गेली. तेव्हापासून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे की, दुसऱ्याचे हाल त्याला विचारल्याशिवाय मंचावर नेऊ नयेत.

तुझ्या बाबतीत तर गोष्ट याहूनही नाजूक आहे. ती मुलगी आता सासरी आहे. तू सोहळ्यात जे बोलशील ते आज ना उद्या मोबाइलच्या चित्रफितीतून तिच्या सासरी पोचेल. ‘हिच्या माहेरच्यांनी हिला परीक्षा सोडायला लावली’ किंवा ‘लग्नामुळे हिचे वाटोळे झाले, असे हिची मैत्रीण सांगते’ असे शब्द सासूच्या, दिराच्या तोंडून तिला ऐकावे लागले, तर त्याला उत्तर द्यायला तू तेथे नसशील. नवी सून चार महिन्यांत जे थोडेफार स्वतःचे स्थान मिळवते, ते एका भाषणाने डळमळू शकते.

आणखी एक गोष्ट मला तुझ्या पत्रात खटकली. मैत्रिणीविषयी तू इतके लिहिले आहेस, परंतु त्यात तिचे एकही वाक्य नाही. तिने वही मागितली, एवढेच. परीक्षेला न बसण्याबद्दल ती काय म्हणाली, तिला वाईट वाटते का, ती रागावली आहे का, पुढे काही करायची तिची इच्छा आहे का, यातले काहीच तुला माहीत नाही, कारण एप्रिलपासून तुम्ही बोललेल्याच नाहीत. ‘खरी पहिली तीच’ असे म्हणताना तू तिला मोठेपणा देतेस असे तुला वाटते, पण त्याच वाक्यात तिचे शिकणे संपले असेही तू ठरवून टाकतेस. ती जेमतेम एकवीस वर्षांची आहे. चार सत्रे तिने उत्तम गुणांनी पूर्ण केली आहेत, पाचव्यातील एक पेपर आणि सहावे सत्र एवढेच राहिले आहे. हळहळ करण्याइतके काही संपलेले नाही. आणि हळहळ करत बसण्याइतका वेळही नाही, कारण हिवाळी परीक्षेचे अर्ज पोळ्यानंतर सुरू होतील.

येथे मला तुझ्या कामाची खरी जागा दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. तो काही पहिला क्रमांक नव्हता. तरीही मुंबईत त्यांच्या अभिनंदनाची सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही भेट आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. त्या सभेनंतर केळुस्करांनी जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. पुढे महाविद्यालयात पैशांअभावी शिक्षण अडू लागले, तेव्हा ते या विद्यार्थ्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सभेत पुस्तक देणारे पुष्कळ असतात. नड आली त्या दिवशी सोबत जाणारा माणूस विरळा असतो, आणि तू मैत्रिणीसाठी तसे जाऊ शकतेस, कारण आमच्यापैकी कोणाहीपेक्षा तिचे विषय, तिचे शिक्षक, तुमच्या महाविद्यालयाचा परीक्षा विभाग आणि त्या विभागातील बाबूंचा स्वभाव तुला जास्त माहीत आहे.

राखीला किंवा पोळ्याला ती माहेरी येईलच. तिच्या सासरी एकदम जाऊन उभी राहू नकोस. माहेरी आली की एकटी जा, सोबत आई-मावशींना नेऊ नकोस. यायला उशीर होणार असेल तर आधी फोनवर बोल. आणि ती बोलावेल तर वर्ध्याकडे जायलाही हरकत नाही, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते. पहिल्याच भेटीत अर्ज आणि परीक्षा काढून बसू नकोस. आधी वहीची गोष्ट सांग. दोन वाक्यांत सांग, “तू वही मागितलीस तेव्हा मी आठ दिवस उशीर केला, आणि तो मुद्दाम केला होता. ते माझ्या मनातून जात नाही.” यापुढे स्पष्टीकरण जोडू नकोस आणि रडून तिच्यावर तुझे सांत्वन करण्याची वेळ आणू नकोस. ती हसेल, गप्प बसेल किंवा रागावेल. जे करील ते करू दे.

त्यानंतर तिला विचार, राहिलेले पेपर द्यायचे आहेत का. ती नको म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे, दुसऱ्यांदा आग्रह करू नकोस. फक्त केव्हाही विचार बदलला तर कळव, एवढे सांगून ठेव. हो म्हणाली, तर मात्र तिच्याआधी तू कामाला लाग. परीक्षा विभागात जाऊन तीन गोष्टी विचारून घे. पहिली, तिच्या सहाव्या सत्राच्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि प्रात्यक्षिकांचे गुण महाविद्यालयाने विद्यापीठाकडे पाठवले आहेत का, कारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती वर्गात येत होती. दुसरी, पाचव्या सत्राचा बॅकलॉग आणि सहावे सत्र हे दोन्ही हिवाळी परीक्षेत एकत्र देता येतील का. तिसरी, पदवी पूर्ण करण्यासाठी विद्यापीठाने ठरवलेल्या कमाल मुदतीतील किती वर्षे तिच्या हाती आहेत. ही उत्तरे तोंडी घेऊ नकोस, अर्ज देऊन लेखी घे किंवा निदान परिपत्रक दाखवायला सांग. खिडकीवर ‘आता काही होत नाही’ असे ऐकून घरी परतलेली आणि पुढे कधीच न आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींचे काम नियमात बसत होते.

तिचे नाव लग्नानंतर बदलले असेल, तरी परीक्षेचा अर्ज महाविद्यालयात आधीपासून नोंदलेल्या नावानेच भरायचा, म्हणजे सहाही गुणपत्रिकांवर एकच नाव राहते. आधार कार्डावर नवे नाव आले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवायला सांग. कोणी तिला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून टाकण्याचा सल्ला देईल. ते विद्यापीठ १९८९ पासून अशा कितीतरी स्त्रियांच्या उपयोगी पडले आहे, परंतु जिची चार सत्रे पूर्ण आहेत आणि पाचव्याचा एकच पेपर उरला आहे, तिने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्याचे काही कारण नाही. सासरच्या माणसांशी कोणी आणि केव्हा बोलायचे हे तिलाच ठरवू दे. पुष्कळदा नवऱ्याची हरकत नसते, फक्त पंधरा-वीस दिवस माहेरी राहून परीक्षा द्यायची कशी, घरचे काम कोणी करायचे, हा प्रश्न असतो आणि तो आधी बोलला तर सुटतो. रोख बक्षिसातून तिचे परीक्षा शुल्क भरावे असे तुझ्या मनात येईल. ते तिला विचारून, तिने मान्य केले तरच भर, आणि त्याचा उल्लेख इतर कोणापाशी करू नकोस.

मग १५ ऑगस्टला तू काय बोलावेस? बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. आपल्या भागात महाविद्यालयाच्या दोन्ही परीक्षा नेमक्या कोणत्या दिवसांत येतात, याकडे सभागृहातल्या मोठ्या माणसांचे लक्ष वेध. हिवाळी परीक्षा येते तेव्हा कापूस फुटलेला असतो. बोंडे उमलल्यावर पाऊस किंवा दव पडले की कापूस काळवंडतो, बाजारात त्याचा भाव पडतो, म्हणून वेचणी लांबवता येत नाही. मजुरीही किलोमागे द्यावी लागत असल्याने घरचे जितके हात वावरात जातील तितके पैसे वाचतात. त्यात सर्वांत आधी घरातल्या मुलीचा हात जातो. कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचणाऱ्या मुलीची बोटे बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी नखांपाशी चिरतात, आणि त्याच बोटांत पेन धरून तिला तीन तास पेपर लिहायचा असतो. उन्हाळी परीक्षा येते तेव्हा वावरे मोकळी असतात, पिकाचा पैसा हाती आलेला असतो आणि त्यामुळे लग्नाच्या तिथी निघतात. म्हणजे आपल्याकडच्या मुलींची एक परीक्षा वेचणीत सापडते आणि दुसरी लग्नसराईत. यात कोणाचा दुष्टपणा नाही, शेतीचे वर्षच तसे आहे. परंतु जे दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत घडते, त्याची तयारी आधी करता येते.

तेथे प्राचार्यांना विनंती कर की, दिवाळीनंतर जी मुले-मुली वेचणीमुळे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक विषयाच्या टिपणांचा एक संच ग्रंथालयात झेरॉक्स करून ठेवावा आणि परीक्षेआधीच्या रविवारी उजळणीचे तास घ्यावेत. म्हणजे कोणालाच कोणाच्या वहीची वाट पाहावी लागणार नाही. तिथे बसलेल्या पालकांना सांग की, मुलीचे लग्न ठरवताना सहाव्या सत्राचे वेळापत्रक विचारून घ्या आणि तिथी शेवटच्या पेपरनंतरची धरा. पहिली आलेल्या मुलीने हे सांगितले तर ते ऐकले जाईल. क्रमांकाचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे की त्या दिवशी पाच मिनिटे सगळे गप्प बसून तुझे ऐकणार आहेत, आणि ती पाच मिनिटे तू स्वतःला दोष देण्यात घालवू नयेस असे मला मनापासून वाटते. शिक्षकांचे आभार मानताना प्रयोगशाळेतल्या परिचरांना विसरू नकोस. ब्युरेट धुऊन ठेवणारा आणि उशीर झाला तरी कुलूप न लावणारा माणूस प्रत्येक चांगल्या निकालामागे असतो.

तुझ्या पुढच्या शिक्षणाविषयी थोडेच लिहिते, कारण त्यात मला काही अडचण दिसत नाही. एम.एस्सी.चा जो प्रवेश मिळत आहे तो घे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत भर. रसायनशास्त्रात खरी गोडी असेल तर फेब्रुवारीत होणारी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षाही देऊन पाहा. तिचे अर्ज पावसाळा सरता सरता निघतात आणि तिच्या गुणांवर आयआयटीबरोबरच नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेतही एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो. तेथे तुझ्या आजच्या क्रमांकाची कोणी चौकशी करणार नाही. तू शिक्षण सोडलेस तर मैत्रिणीचे काहीही भले होणार नाही, उलट तिच्या हिवाळी परीक्षेच्या वेळी तिला शंका विचारायला ज्या एका व्यक्तीचा आधार आहे, ती व्यक्तीही विषयापासून दूर गेलेली असेल.

फ्लेक्स राहू दे. पावसाने आणि उन्हाने तो दिवाळीपर्यंत आपोआप फिका पडेल. तिला भेटायला जाशील तेव्हा सहाव्या सत्राच्या सगळ्या टिपणांच्या प्रती सोबत ने, आणि भौतिक रसायनशास्त्राची ती वही मात्र झेरॉक्स काढून नको, वहीच ने.

तुझी,
मॅडम